तिसरा दिवा लागत नाही

मॉडेम शुक्रवारी दुपारी आला. पुठ्ठ्याच्या खोक्यात एक पांढरी डबी, काळा ॲडाप्टर, हातभर वायर आणि इंग्रजीत छापलेला कागद. खोका घेऊन आलेल्या माणसाने त्याच्या मोबाइलवर माझ्या बोटाने सही करून घेतली आणि म्हणाला, "एकदम सोपं आहे काका. टीव्हीची केबल यात घट्ट बसवायची. चार दिवे लागले की नेट चालू." आणि जिना उतरून गेला.

मी फिटर माणूस. गिरणी बंद पडल्यावर इथल्या भांडुपच्याच एका कारखान्यात एकतीस वर्षं मशीनं जोडली. म्हटलं, चार दिव्यांची डबी लावायला काय लागतं.

पहिला दिवा लगेच लागला. दुसरा थोडा वेळ लुकलुकला आणि स्थिर झाला. तिसरा लुकलुकायला लागला तो लुकलुकतच राहिला. चौथ्याने तर काहीच हालचाल केली नाही. मी बटण बंद केलं, चालू केलं. वायर काढली, फुंकर मारली, परत लावली. तिसरा दिवा लागत नाही म्हणजे नाही.

हे सगळं चाललं होतं ते माझ्यासाठी नव्हे. मला नेट कशाला पाहिजे? माझा मुलगा हर्षद याची वर्षभरासाठी हैदराबादला बदली झाली. त्याची बायको श्रुतिका एका विमा कंपनीत आहे, घरी बसूनच कॉम्प्युटरवर काम करते. बदलापूरचं भाड्याचं घर सोडून ती मानसीला घेऊन माझ्याकडे राहायला येते म्हणाली. मानसी माझी नात, सहा वर्षांची. पण श्रुतिकाने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "बाबा, सोमवारी सकाळी नऊला मला कामावर बसायचंय. ऑफिसवाले मोबाइलचं नेट चालवून घेत नाहीत. घरी लाइन चालू नसेल तर मी मुलुंडला आईकडे जाते. मग सारखं इकडून तिकडे नाही जमणार मला."

प्रेमा गेली त्याला आठ महिने झाले. प्रेमा म्हणजे माझी बायको. तेव्हापासून मी या दोन खोल्यांत एकटा आहे. डाळ करतो, पण तिने आमसुलं कुठल्या डब्यात ठेवलीत ते मला अजून सापडलेलं नाही, म्हणून बिनआमसुलाची खातो. कुकर लावला की किती शिट्ट्या झाल्या ते विसरतो, कारण मोरीतून "किती झाल्या हो?" असं विचारणारं कोणी नाही. श्रुतिका मुलुंडला गेली तर ती वर्षभर तिकडेच राहणार हे मला कळत होतं. म्हणून तो तिसरा दिवा लागायलाच पाहिजे होता.

कागदावरच्या नंबरला फोन लावला. बराच वेळ गाणं ऐकवल्यावर एक मुलगी आली.

"सर, मॉडेम बंद करून तीस सेकंद थांबा आणि परत चालू करा."

"चार वेळा केलं."

"आपण एकदा परत करूया का सर?"

केलं. मनात तीस मोजले.

"आता कुठला लाइट ब्लिंक होतोय सर?"

"तिसरा. मघाशी सांगितलं ना."

"तिसऱ्याखाली काय लिहिलंय?"

"मुंगीएवढी अक्षरं आहेत. चष्मा शोधायला लागेल."

"शोधा सर, मी लाइनवर आहे."

चष्मा कपाळावरच होता. तो सापडेपर्यंत लाइन कटली. परत लावला तर दुसरी मुलगी आली आणि म्हणाली, "सर, मॉडेम बंद करून तीस सेकंद थांबा."

शेवटी शनिवारी सकाळी भीमराज आला. भीमराज आमच्या चाळीत केबल आली तेव्हापासूनचा माणूस. आता पन्नाशीला आलाय, पण वायरींचं जाळं अजून त्याच्याच डोक्यात. त्याने केबल काढून मीटरला लावली आणि तोंड वाकडं केलं.

"सिग्नल अर्धाच येतोय काका."

"मग उरलेला अर्धा कुठे जातो?"

त्याने पोटमाळ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग मान खाजवली. "जुनी लाइन आहे. सोमवारी बघतो."

"सोमवारी नऊला सून कामाला बसणार आहे."

"नऊच्या आत येतो. आता घाई आहे."

मी चहा ठेवला होता. भीमराजने आजपर्यंत कोणाच्या घरचा चहा नाकारलेला मला आठवत नाही. त्या दिवशी मीटर पिशवीत टाकून तो सरळ निघून गेला. तेव्हाच मला कळलं की हा काहीतरी लपवतोय.

नळाला पाणी कमी येत असेल तर आधी पाइप हाताने चाचपत मागे जायचं. गळती सापडतेच. मी तेच केलं. मॉडेमपासून वायर धरली, खिडकीच्या कडेने, देव्हाऱ्याच्या मागून, वर पोटमाळ्यावर. शिडी लावली. वर प्रेमाच्या ट्रंका, लोणच्याच्या रिकाम्या बरण्या, गौरीचे मुखवटे ठेवलेली पेटी. पेटीच्या मागे वायर एका लोखंडी डबीत शिरत होती. डबीतून तीन फाटे. एक खाली आला होता तो आता मॉडेमला. एक माझ्या टीव्हीला. आणि तिसरा भिंतीला पाडलेल्या भोकातून पलीकडे. भोकात कापड कोंबलं होतं. हिरव्या सुती पातळाची चिंधी. प्रेमाचं ते पातळ मी ओळखलं.

भिंतीपलीकडे काशीराम राहतो.

काशीराम माझा चुलत भाऊ. आम्ही एका वर्षाचे. कोकणात गावी आमची घरं शेजारी आणि भांडुपलाही खोल्या शेजारी. अकरा वर्षांपूर्वी गावी त्याने चिऱ्याचा गडगा घातला, म्हणजे दगडाचं कुंपण, ते माझ्या जागेत दोन हात आत. मी म्हणतो दोन हात, तो म्हणतो एक वीतही नाही. तंटामुक्तीवाले बसले, गावचे मानकरी गावकर बसले, मिटलं नाही. तेव्हापासून आमच्यात अबोला आहे. प्रेमा गेली तेव्हा काशीरामने खांदा दिला, भावकीचं दहा दिवसांचं सुतकही पाळलं, पण तोंडातून एक शब्द काढला नाही. मीही काढला नाही.

नऊ वर्षांपूर्वी चाळीची डागडुजी झाली तेव्हा व्हरांड्यातल्या सगळ्या वायरी काढल्या होत्या. काशीरामची खोली शेवटची. त्याची वायर माझ्या दारावरूनच जाणार होती. मी भीमराजला सांगितलं, माझ्या चौकटीवरून त्याची वायर जाणार नाही. आणि गेलीही नाही. नऊ वर्षं मी रोज त्या चौकटीखालून ये-जा केली आणि मनात म्हटलं, शब्द म्हणजे शब्द. संध्याकाळी त्याच्या टीव्हीचा आवाज भिंतीतून यायचा, तेव्हा मला वाटायचं त्याने छपरावर डिशची छत्री बसवली असेल.

छत्री कसली. माझ्याच घरातून, माझ्याच डोक्यावरून जात होती.

मी ट्रंकेवर बसलो आणि मोठ्याने म्हणालो, "कधी केलंस हे? मी कारखान्यात असताना? आणि नऊ वर्षं तोंड मिटून बसलीस?" मेलेल्या माणसाशी भांडायला गेलं की हीच पंचाईत होते, उलट उत्तर मिळत नाही. ती असती तर म्हणाली असती, "तुम्ही चौकटीवरून नाही म्हणालात, माळ्यावरून नाही असं कुठे म्हणालात?" हे तिच्या आवाजात स्पष्ट ऐकू आलं आणि मला जास्तच राग आला.

पक्कड घेतली आणि काशीरामचा फाटा फिरवून काढून टाकला. खाली येऊन बघतो तर तिसरा दिवा स्थिर. पाठोपाठ चौथाही. मी श्रुतिकाला फोन केला. "ये. चारही दिवे लागले."

रविवारी दुपारी दोन बॅगा, एक कॉम्प्युटर आणि मानसी असं सगळं टॅक्सीतून उतरलं. श्रुतिकाने नेट तपासलं. "मस्त आहे बाबा. कोणी करून दिलं?"

"मीच केलं," मी म्हटलं.

संध्याकाळी काशीरामची बायको नलिनी वहिनी मानसीसाठी घावणे घेऊन आल्या. बायकांचा आपसात अबोला कधीच नव्हता. मानसी त्यांच्याबरोबर शेजारी गेली आणि पाच मिनिटांत परत आली.

"आजोबा, त्या आजोबांचा टीव्ही बंद आहे. ते नुसतेच बसलेत. मी सांगितलं आमचा चालू आहे."

मागोमाग वहिनीही आल्या होत्या. श्रुतिकाने विचारलं, "काय झालं काकी?"

"काही नाही गं. काल दुपारपासून बंद आहे. केबलवाल्याचं काही असेल." असं म्हणताना त्यांनी पोटमाळ्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. "यांचा गुडघा धरलाय ना, खाली उतरवत नाही. दिवसभर टीव्हीसमोरच असतात. म्हणून जरा चुकल्यासारखं होतं."

त्या गेल्या. तक्रार नाही, भांडण नाही. मी कालपासून भांडणाची तयारी करून बसलो होतो. काय काय बोलायचं तेही ठरवलं होतं. पण काशीराम येणार कसा? अबोला आहे ना. पूर्वी असं काही झालं असतं तर वहिनींनी प्रेमाला सांगितलं असतं आणि प्रेमाने गुपचूप वर चढून नीट केलं असतं. आता सांगायचं कोणाला?

श्रुतिकाने शिडी बघितली. कोपऱ्यातली पक्कड बघितली. ती विमा कंपनीत खोटे दावे शोधायचं काम करते. तिच्यापुढे माझं काय चालणार.

"बाबा, तुम्ही काढलीत त्यांची वायर?"

सगळं सांगितलं. गडगा, चौकट, पोटमाळा. ती शेवटी म्हणाली, "म्हणजे आईंनी नऊ वर्षं सांभाळलं ते तुम्ही पक्कड घेऊन एका दिवसात तोडलंत."

"त्याशिवाय तिसरा दिवा लागत नव्हता."

"मला नको असला दिवा. मी दिवसभर इथे कानाला हेडफोन लावून बसणार. मानसी साडेबाराला नव्या शाळेतून येणार. तुम्ही कधी बाजारात असाल, कधी दवाखान्यात. मला शेजारी काकी लागणार. त्यांचा टीव्ही बंद करून, त्यांच्याकडेच पोरगी ठेवायला कुठल्या तोंडाने जाऊ?"

"मग जोडून देतो. नेट बंद पडेल."

"मला नेटही लागेल."

"दोन्ही कसं होणार?"

"तुम्ही फिटर ना? नाही झालं तर मी उद्याच मुलुंडला जाते. तिथे नेटही आहे आणि भांडणही नाही." बॅगा तिने उघडल्या नाहीत. मानसीचा फ्रॉक तेवढा वरच्या कप्प्यातून काढला.

सोमवारी सकाळी सव्वाआठला भीमराज आला. मी दारातच गाठला.

"सगळं माहीत होतं तुला."

"प्रेमाकाकींनी शपथ घातली होती काका. आणि त्यांच्या हातचा चहा नऊ वर्षं प्यायलो." त्याने पिशवीतून एक लहान डबी काढली. "ही चांगल्यातली आहे. एका फाट्यावर तुमचं नेट फुल चालेल. पण हिला दोनच फाटे. दुसऱ्यावर एकच टीव्ही चालेल. तुमचा नाहीतर त्यांचा. नवीन वायर टाकायची तर गुरुवार उजाडेल. बोला."

बोलणं व्हरांड्यात चाललं होतं. काशीराम काठी टेकत त्याच्या दारात येऊन उभा राहिला. आमच्यामध्ये चार फुटांचं अंतर आणि मध्ये भीमराज.

काशीराम म्हणाला, "भीमराज, त्यांना सांग, माझ्या टीव्हीसाठी कोणी हाल करून घेऊ नयेत."

मी म्हटलं, "भीमराज, त्यांना सांग, नऊ वर्षं माझ्या माळ्यावरून वायर नेताना हे आठवलं नाही काय?"

"त्यांना सांग, मला ते माहीत नव्हतं. बायकांनी काय ते केलं. मला नलिनीने सांगितलं होतं वायर मागच्या भिंतीवरून आलीय."

"त्यांना विचार, मागच्या भिंतीला कोण लटकणार होतं वायर टाकायला?"

"त्यांना विचार, ते कधी वर चढून बघायला गेले होते काय?"

भीमराजने पिशवी खाली ठेवली. "मी वायर जोडायला आलोय. दोघांना ऐकू येतंय ना? मग मला कशाला मध्ये घेता? आठ पंचवीस झाले."

आतून श्रुतिका म्हणाली, "बाबा, आठ पंचवीस."

मी भीमराजला सांगितलं, "दुसरा फाटा तिकडे दे. माझा टीव्ही राहू दे गुरुवारपर्यंत."

"उपकार नकोत म्हणावं," काशीराम म्हणाला.

"उपकार कोण करतंय? माझी नात यांच्याकडे बसणार आहे दुपारची. टीव्ही नसला तर पोरगी डोकं खाईल यांचं."

काशीराम काठी टेकत आत गेला. त्यात कुठे नकार दिसला नाही, तेव्हा भीमराज वर चढला.

पण जुनी वायर ती जुनीच. काशीरामकडे जाणाऱ्या वायरीच्या टोकाची पिन मी परवा पकडीने काढताना चेमटवली होती. ती नव्या डबीत नीट बसेना. भीमराजने दोनदा प्रयत्न केला आणि खाली उतरला.

"पिन बदलायला लागणार. माझ्याकडे संपल्यात. दुकान दहाला उघडतं. तोपर्यंत कोणीतरी वर बसून धरून ठेवा. नीट धरली तर दोन्ही चालेल. हलली की दोन्ही जाईल." आणि त्याला नाहूरहून फोन आला, तो गेलाच.

आठ सदतीस झाले होते. मी वर चढलो. ट्रंकेवर बसून एका हाताने डबी आणि दुसऱ्या हाताने पिन धरली. श्रुतिका खाली मॉडेमसमोर.

"तिसरा लुकलुकतोय बाबा."

पिन जरा डावीकडे फिरवली. "आता?"

"लागला. हां, लागला. थांबा… चौथा पण लागला."

आता पलीकडचं कोण सांगणार? वहिनी चाळीच्या नळावर गेल्या होत्या. मानसीला मुलुंडला जायचं की राहायचं हेच ठरलेलं नव्हतं म्हणून ती बॅगेवर बसली होती. भोकातून मला काशीरामच्या पंख्याचा आवाज येत होता. मी वाट बघितली. तोही वाट बघत असावा. हात आत्ताच भरून आले होते. पिन योग्य जागी आहे की नाही ते कळल्याशिवाय धरून बसण्यात अर्थ नव्हता. आठ चव्वेचाळीस.

मी डबी गुडघ्यात धरून भोकातली चिंधी काढली आणि तोंड लावून गावच्या बोलीत, चित्र आलं का ते विचारलं, "इलां काय?"

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज.

"नाय."

मी थोडी फिरवली. "आता?"

"नुसते चौकोन दिसतत."

"आता?"

"इलां. थांब. गेलां."

खालून श्रुतिका ओरडली, "बाबा, तिसरा गेला."

"काश्या, नीट बघ आणि सांग. इकडे फिरवली की नेट जातं, तिकडे फिरवली की तुझं जातं."

"नीटच बघतंय. तू घिसाडघाई करतंस. अगदी हळू, केसभर फिरव. मघाशी होतास तिथेच, जरा वरच्या अंगाक."

केसभर फिरवली.

"इलां," तो म्हणाला. "आवाज पण इलो. दशरथा, तसाच ऱ्हव. हलू नको."

"लागला," श्रुतिका खालून म्हणाली. "चारही. बाबा, हात हलवू नका."

आठ त्रेपन्न. मी मांडी तशीच ठेवली, कोपर ट्रंकेवर टेकवलं. खाली बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला आणि श्रुतिका मानसीला म्हणाली, "चल, युनिफॉर्म घाल." वहिनी पाणी घेऊन आल्या तशा मानसीला बसपर्यंत सोडायला गेल्या, ते मी वरूनच ऐकलं. बरोबर नऊला श्रुतिकाचं "गुड मॉर्निंग" सुरू झालं.

थोड्या वेळाने भोकातून आवाज आला. "दशरथा."

"काय?"

"हात दुखतत काय?"

"दुखतात तर. तुझ्या टीव्हीपायी."

"तुझ्या नेटापायी. पिन कोणी चेमटवली?"

"गडगा कोणी घातला?"

"तो आता काढू नको. दोन हात नाय, एक वीत पण नाय. पावसाळा संपलो की दोघांनी जाऊन मोजूया, टेप घेऊन."

"टेप माझा."

"तुझा कशाक? तुझा टेप आखूड असतलो."

"बरं. दोघांचे."

"आणि ऐक," तो म्हणाला. "भीमराज म्हणता तां दुकान दहाक उघडत नाय. साडेदहाक उघडता. कधीकधी अकराक."

मी तोंड उघडलं, पण त्याच वेळी खालून श्रुतिकाने हेडफोनवर हात ठेवून हळू आवाजात सांगितलं, "बाबा, तुम्ही दोघं जरा हळू. मी कॉलवर आहे."

आम्ही गप्प झालो. मी पिन धरून इकडे, तो पलीकडे.